मागचा एक्सल कुठे तुटतो?



खोपोली सोडून जुन्या हमरस्त्याने बोरघाटाला लागलं की थोड्याच किलोमीटरांत पाचशे मीटरांहून जास्त उंची गाठायची असते. १८३० साली हा गाडीरस्ता खुला झाला. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकून पुढे जायची रीत चालकांनी अजून मोडलेली नाही. चढावर भरलेला ट्रक थांबला आणि पुन्हा उचलायची वेळ आली, की सगळा ताण मागच्या एक्सलवर. त्यामुळे घाटाखालच्या गॅरेजवाल्यांना तुटलेल्या एक्सलचं नवल कधीच नव्हतं.

आज मला बोलायचंय ते ट्रकवाल्यांशी नाही, हौशी मंडळींशी. जुनी कॉन्टेसा, पद्मिनी किंवा जीप घ्यायची, तिला दमदार इंजिन बसवायचं आणि शर्यतीला उतरवायची, असा नाद असलेली मुलं आपल्याकडे बरीच आहेत. घाटावर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या, तेव्हापासून तर हा नाद वाढलाय. इंजिनावर पैसा ओततात, एक्सल मात्र मूळचाच ठेवतात.

साधा हिशोब करू. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पीळ, १४० न्यूटन-मीटर, पहिला गिअर साडेतीन पट, मागचं क्राऊन-पिनियन साडेचार पट. म्हणजे मागे पोचतात सुमारे २,२०० न्यूटन-मीटर. दुप्पट टॉर्कचं इंजिन बसवलं की ४,४००. साध्या डिफरन्शियलमध्ये हे दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं वाटलं जातं. पण डिफरन्शियल लॉक केलं आणि एक चाक हवेत गेलं, तर जवळजवळ सगळा भार एकाच शाफ्टवर येतो. त्यात रुंद, पकड घेणारे टायर. टायर घसरला असता तर एक्सल वाचला असता. तो घसरत नाही, म्हणून एक्सल तुटतो.

मग जाड शाफ्ट करायचा? हो, त्याचा फायदा मोठा आहे. पिळाची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. २८ मिलिमीटरचा शाफ्ट ३१चा केला, तर तो सुमारे पस्तीस टक्के जास्त पीळ सोसतो. पण निव्वळ जाडीवर भागत नाही. शाफ्ट सहसा टोकाच्या खाचा, म्हणजे स्प्लाइन, जिथे संपते, त्या कोपऱ्यात तडकतो, कारण तिथे ताण एकवटतो. म्हणून जाणकार टर्नर मधली दांडी स्प्लाइनच्या तळापेक्षा किंचित बारीक ठेवतो. मग पीळ सगळ्या लांबीवर पसरतो, कोपरा वाचतो. बारीक करून मजबूत करणं ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे.

आता पोलाद. इथे खोपोलीला बोलायचा अधिकार आहे. खोपोलीच्या जगदीशनगरला १९६०च्या दशकात महिंद्रांनी फ्रान्सच्या युजिन कंपनीच्या साथीने मिश्रपोलादाचा कारखाना उभारला. पुढे तो जपानच्या सॅन्यो स्पेशल स्टीलकडे गेला. वाहनांच्या सुट्या भागांना लागतं ते असलं पोलाद. एन-२४ म्हणून बाजारात मिळणाऱ्या प्रकारात निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असतं. पण नुसतं नाव विचारून घेऊ नका. पोलादात अशुद्धीचा बारीक कण राहिला, तर हजारो वेळा पीळ बसल्यावर तडा तिथूनच सुरू होतो.

आणि कडकपणाचा मोह आवरा. घरी एक खडू घ्या, दोन्ही टोकं धरून पिळा. तो तिरका, मळसूत्रासारखा तुटेल. आरपार कडक केलेला शाफ्ट असाच तुटतो, पूर्वसूचना न देता. हवं असतं ते वरचं कवच कडक आणि गाभा चिवट, कारण पिळाचा सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावरच येतो. इंडक्शन हार्डनिंगने ते साधतं. तुटलेल्या शाफ्टला वेल्डिंगने जोड मारून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर चहा पिऊन निघून या.

शाफ्टभोवतीच्या नळीला, म्हणजे एक्सलच्या हाऊसिंगलाही, पट्ट्या वेल्ड करून बळकटी देतात. त्यात एक खोच आहे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळी वाकवतो. म्हणून थोडं थोडं, आलटून पालटून वेल्ड करावं लागतं, आणि शेवटी सरळपणा मोजावा लागतो. बहुतेक जण हे मोजमाप टाळतात.

पण खरी गोष्ट ट्रकपाशीच येऊन थांबते. ट्रकच्या चाकाच्या मधोमध बोल्टची चकती दिसते ना, ती एक्सल शाफ्टची फ्लँज. बोल्ट काढले की शाफ्ट बाहेर येतो, चाक जागच्या जागी उभं राहतं. कारण गाडीचं वजन हाऊसिंगवरच्या बेअरिंगांवर असतं, शाफ्टवर फक्त पीळ. याला फुल-फ्लोटिंग म्हणतात. जुन्या मोटारींत बहुधा सेमी-फ्लोटिंग रचना असते: वजनही शाफ्टवर, पीळही शाफ्टवर. तिथे शाफ्ट बाहेरच्या टोकाला तुटला, तर चाक ब्रेकच्या ड्रमासकट निघून जातं. ताकद दुप्पट करणाऱ्याने पहिला खर्च फुल-फ्लोटिंगवर करावा, असं माझं ठाम मत आहे.

एक स्वस्त तपासणी सांगतो. नवा शाफ्ट बसवण्याआधी त्यावर लांबीभर रंगाची सरळ रेघ ओढा. शर्यतीनंतर शाफ्ट काढून पाहा. रेघ तिरकी झाली असेल, तर शाफ्ट कायमचा पिळला गेलाय. तो भंगारात टाका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने उत्पादकाच्या मूळ रचनेत परस्पर फेरबदल करायला मनाई आहे. तेव्हा हे सगळं धावपट्टीसाठी, बंद मैदानासाठी. अशी गाडी बोरघाटात पळवू नका; तिथे तुमच्यामागे एसटी असते.