सुटीचा दिवस आणि बुलढाण्याचे पाणवठे

(भाषणाचा पाठ)

महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन सकाळीच आटोपते आणि शाळा-कचेऱ्यांना उरलेला दिवस मोकळा मिळतो. बुलढाणा जिल्ह्यात वन्य प्राणी जवळून पाहण्यास इतका अनुकूल काळ वर्षात दुसरा नाही. सागाची पाने गळून रान विरळ झालेले असते, ओढे आटलेले असतात आणि जनावरांना मोजक्या पाणवठ्यांवर यावेच लागते. हिवाळ्यात दिवसभर हिंडूनही जे दिसत नाही, ते मे महिन्यात पाण्यापाशी तासभर निश्चल बसल्याने दिसू शकते.

यासाठी प्रथम नाव घ्यावे लागते ते ज्ञानगंगा अभयारण्याचे. बुलढाणा व खामगाव यांच्या दरम्यान, अजिंठ्याच्या डोंगररांगेत सुमारे २०५ चौरस किलोमीटरांवर ते पसरले असून १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. बोथ्याच्या घाटातून जाणाऱ्या प्रवाशासही रोह्यांचा कळप वा मोर सहज दिसतो. आत भेकर, रानडुक्कर, तडस आणि बिबट आहेत. परंतु या रानाचा खरा धनी अस्वल होय. वाळवीची वारुळे उकरणारे, मोहाच्या फुलांवर नि टेंभुर्णीच्या फळांवर ताव मारणारे हे जनावर दिसायला विनोदी वाटते. पाठीवर पिलू घेऊन पाण्याकडे निघालेली मादी ज्याने पाहिली, तो ते दृश्य सहसा विसरत नाही.

तथापि अस्वलाचे नाक जितके तीक्ष्ण, तितकी त्याची नजर मंद. माणूस अगदी पुढ्यात येईपर्यंत त्याला कळत नाही आणि कळताच ते बिथरून अंगावर येते. मोहफुले वा तेंदूपाने गोळा करण्यास पहाटे रानात शिरणाऱ्या मजुराला याची भीती असते. शहरातील पाहुणा सुटीच्या दिवशी जी जवळीक शोधत येतो, ती रानालगतच्या गावाला नको असताना रोजच लाभते!

जवळीक किती असावी, याचा एक धडा वाघाने दिला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये एका तरुण नर वाघाच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधण्यात आला. पुढे त्याने विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाची शेतेशिवारे तुडवीत डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगा गाठली. नऊ महिन्यांत त्याची सारी चाल ३,००० किलोमीटरांहून अधिक भरली. दिवसा झुडपात पडून राहावे आणि रात्री चालावे, असा त्याचा क्रम होता. असंख्य गावांच्या शिवारांतून तो गेला, पण गावांना बहुधा त्याचा पत्ताही लागला नाही. त्याच्या विसाव्याच्या झुडपात माणसांचा जमाव शिरू लागला, तेव्हा मात्र एक जण जखमी झाला.

पाणवठ्यावरही गोष्ट हीच आहे. चार वाहने गलका करीत उभी राहिली की आलेले जनावर पाणी न पिताच परतते आणि तहान भागविण्यास शिवारातील विहिरीकडे वळते. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेले रोही वा बिबट बाहेर काढताना वनविभागाची व गावाची कशी तारांबळ उडते, हे पंचायत सदस्यांना सांगावयास नको. १ मे रोजी भरणाऱ्या ग्रामसभेपुढे अशा विहिरींची यादी ठेवता येईल.

सातपुड्याची ओढ असणाऱ्यांनी संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य गाठावे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा तो भाग असल्याने प्रवेशाची नोंद आधीच करावी. मुलांना घेऊन निघालेल्या शिक्षकांना लोणार अधिक सोयीचे. उल्कापाताने झालेल्या या विवराच्या उतारावर मोर आणि वानरे पायी फिरताना दिसतात, काठावर कांडेसरासारखा दुर्मिळ होत चाललेला करकोचाही आढळतो. २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

बुद्धपौर्णिमेची रात्र मचाणावर काढण्याची संधीही वनविभाग नागरिकांना नोंदणी करून देत आला आहे. त्या रात्रीची मोजणी ही शास्त्रीय गणना नव्हे. त्या कामासाठी आता स्वयंचलित कॅमेरे लावतात. परंतु चांदण्यात पाण्यावर वाकलेली काळी आकृती पाहण्यास आकड्यांची गरज नसते. एरवी दिवसाच्या सफरीतील वाहनांना सायंकाळी फाटकाबाहेर पडावे लागते. अस्वल आणि बिबट यांची पाण्यावर येण्याची वेळ बहुधा त्यानंतरच सुरू होते.