झाकलेले दुखणे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्या, उद्योग आणि विवाह या विषयांवर आपल्या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ बोलले गेले. आज मनाच्या आजारासंबंधी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो.

गॅरेन स्टॅगलिन हे अमेरिकेतील गृहस्थ. १९६६ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून ते अभियंता झाले. पुढे व्यवसायात त्यांनी द्रव्य मिळविले आणि १९८५ साली पत्नी शारी यांच्यासह नापा खोऱ्यात द्राक्षमळा उभा केला. १९९० साली त्यांचा अठरा वर्षांचा, महाविद्यालयात शिकणारा पुत्र ब्रँडन यास स्किझोफ्रेनिया जडला. या व्याधीत नसलेले आवाज ऐकू येतात, निराधार संशय मनात घर करतात आणि विचारांचा धागा तुटतो. ऐन उमेदीच्या वयातच ती बहुधा प्रकट होते.

अशा वेळी प्रतिष्ठित घराणी दार लावून घेतात. स्टॅगलिन दांपत्याने अंगणात मांडव घातला! १९९५ पासून आपल्या मळ्यात ते संगीतमहोत्सव भरवू लागले आणि मेंदूच्या संशोधनासाठी निधी जमवू लागले. पुत्राने उपचार घेतले, पदवी पूर्ण केली आणि पुढे याच कार्याला वाहिलेल्या ‘वन माइंड’ या संस्थेचा तो पदाधिकारी झाला.

द्राक्षमळे आमच्यापाशी कोठे आहेत, असे कोणी म्हणेल. परंतु कॅनडात कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांचे उदाहरण मराठी माणसाचेच आहे. त्यांच्या पत्नीस हाच आजार होता. दुःख उगाळीत न बसता त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था काढली. २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपट निघाला, त्यामागेही त्यांचेच प्रयत्न होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३०० माणसांत एकास ही व्याधी असते. आपली ज्ञाती तिला अपवाद कशी असेल? तरीही आपल्या वधूवर-सूचीत शिक्षण, वेतन, उंची, सारे असते. हे मात्र नसते. ‘लग्न झाले की सुधारेल’ या आशेवर दुखणे झाकले जाते. मग सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात, आजार उलटतो आणि दोन्ही घरे एकमेकांस दोष देत बसतात. दोष व्याधीचा नव्हे, लपविण्याचा असतो.

म्हणून आमची विनंती अशी की, विवाह ठरविताना उभय पक्षांनी ही गोष्ट मोकळेपणाने सांगावी, आणि ऐकणाऱ्याने तिचा बोभाटा करू नये. शिष्यवृत्तीप्रमाणेच औषधोपचारासाठीही मंडळाने निधीचा काही भाग राखावा. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ या विनामूल्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरी टिपून ठेवावा.

मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो. मनाच्या आजाराची गोळीही तितक्याच निःसंकोचपणे घेता यावी, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.