अधिवृक्क ग्रंथी, कॉर्टिसॉल आणि हाडांचे आरोग्य : डॉ. फुलर ऑलब्राइट यांचे संशोधन



हाड ही खांबासारखी, एकदा उभी राहिली की जन्मभर तशीच राहणारी निर्जीव वस्तू आहे, असा समज सर्वत्र आढळतो. शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला सांगाडा पाहून तो अधिकच दृढ होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. जिवंत हाड रोज थोडे मोडले जाते आणि रोज थोडे नव्याने बांधले जाते. जुने हाड विरघळविणाऱ्या पेशी वेगळ्या आणि नवे रचणाऱ्या पेशी वेगळ्या. या दोन कामांचा मेळ राहिला तर हाड मजबूत राहते. तो बिघडला की बाहेरून काहीही न दिसता हाड आतून पोकळ होत जाते. या विकारास अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस असे म्हणतात.

हा मेळ बिघडविणाऱ्या कारणांत एका लहानशा ग्रंथीचा वाटा मोठा आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी वजनाने अर्ध्या तोळ्याहूनही कमी भरते. तिच्या बाह्य भागातून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते. पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. उपवासात रक्तातील साखर टिकविणे, रक्तदाब सांभाळणे, दुखापत किंवा आजार यांना तोंड देण्यास शरीर सज्ज करणे ही त्याची कामे होत. ही ग्रंथी निकामी झाल्यास माणूस क्षीण होत जाऊन दगावतो, हे लंडनच्या गायज् रुग्णालयातील टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये दाखवून दिले होते.

कॉर्टिसॉल कमी पडले तर काय होते, हे अशा रीतीने आधी कळले. ते जास्त झाले तर काय होते, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेतील विख्यात मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१२ मध्ये एका २३ वर्षांच्या स्त्रीचा विलक्षण आजार नोंदविला आणि १९३२ मध्ये अशा बारा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेले, हातपाय मात्र काटकुळे, त्वचा कागदासारखी पातळ, आणि पाठीला बाक. मूळ दोष पोष ग्रंथीतील बारीक गाठीत आहे, असे कुशिंग यांनी प्रतिपादन केले. पण पाठीला बाक का यावा? डोक्यातल्या गाठीचा आणि मणक्याच्या हाडाचा संबंध काय? हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

तो हाती घेतला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील डॉ. फुलर ऑलब्राइट यांनी. १९०० मध्ये बफेलो या शहरात जन्मलेल्या ऑलब्राइट यांचे वैद्यकीय शिक्षण हार्वर्ड येथे झाले; पुढे व्हिएन्ना येथे याकोब एर्डहाइम या विकृतिशास्त्रज्ञाकडे त्यांनी एक वर्ष काढले. बॉस्टनच्या रुग्णालयात काही खाटांचा एक विशेष कक्ष होता. तेथील रुग्णाच्या तोंडात जाणारा प्रत्येक घास वजन करून दिला जाई आणि शरीराबाहेर पडणारे सर्व मलमूत्र जमा करून तपासले जाई. चुना म्हणजे कॅल्शियम किती आला व किती गेला, फॉस्फरस किती, नत्र किती, याचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या रोजकीर्दीप्रमाणे नित्य मांडला जाई. हे काम कंटाळवाणे खरे. परंतु ऑलब्राइट यांचे बहुतेक शोध चमकदार उपकरणांतून नव्हे, तर या रोजकीर्दीतून निघाले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हाड ठिसूळ झाले म्हणजे चुना कमी पडला, अशी सर्वसाधारण समजूत होती. आजही ती गेलेली नाही. ऑलब्राइट यांनी तिलाच हात घातला. त्यांचे म्हणणे समजण्यासाठी आपल्याकडील कुडाच्या भिंतीचे उदाहरण घेता येईल. कुडात आधी काटक्या विणल्या जातात आणि मग त्यांवर माती लिंपली जाते. हाडातही कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची वीण असते आणि तिच्यावर कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार बसतात. मुडदुसासारख्या रोगात काटक्या असतात, पण लिंपण्यास माती नसते. हाड मऊ पडते, वाकते. अस्थिसुषिरतेत रक्तातील कॅल्शियम आणि फॉस्फरस सर्वसाधारणपणे योग्य प्रमाणात असतात. म्हणजे माती अंगणात आहे. कुडच विणला गेलेला नाही, म्हणून ती बसणार कोठे? हे दोन रोग निरनिराळे आहेत, त्यांचे उपचारही निरनिराळे असले पाहिजेत, हा विवेक वैद्यकात रुजविण्याचे बरेचसे श्रेय ऑलब्राइट यांच्याकडे जाते.

१९४१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्टीच्या आतील ४२ अस्थिसुषिरताग्रस्त रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी ४० रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रिया होत्या. स्त्रीसंप्रेरकाचा अभाव आणि हाडांची झीज यांचे नाते त्यातून उघड झाले. त्याच वर्षी त्यांनी कुशिंगच्या रोगाचाही उलगडा मांडला. अधिवृक्क ग्रंथीचे एक संप्रेरक, ज्यास ते साखर-संप्रेरक म्हणत, अवाजवी प्रमाणात स्रवू लागले की शरीरातील प्रथिनांची साखर होऊ लागते आणि नवी प्रथिने घडत नाहीत. प्रथिन न मिळाल्यामुळे त्वचा पातळ होते, स्नायू गळतात आणि हाडाची वीण विणली जात नाही. चेहरा, कातडी, स्नायू, मणके ही वरवर असंबद्ध वाटणारी सारी लक्षणे त्यांनी अशी एका सूत्रात ओवली. पडताळा पाहण्यासाठी त्यांनी अशा रुग्णांना टेस्टोस्टेरॉन हे प्रथिनवर्धक संप्रेरक टोचले, तेव्हा नत्राची रोजकीर्द खर्चाकडून जमेकडे वळली.

ऑलब्राइट सर्वच बाबतींत बरोबर होते असे नाही. रजोनिवृत्तीनंतर प्रामुख्याने हाड मोडण्याचे काम वाढते, बांधणीतील उणेपणा हा मुख्य दोष नव्हे, असे पुढील संशोधनात आढळले. कॉर्टिसॉलच्या बाबतीत मात्र त्यांचा मूळ विचार टिकून राहिला. आणि हे काम त्यांनी कोणत्या स्थितीत केले, तेही सांगितले पाहिजे. तरुण वयातच त्यांना कंपवाताने गाठले. हात थरथरत, बोलणे अस्पष्ट होई; तरी रुग्णतपासणी आणि लेखन चालूच राहिले. १९५६ मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने मेंदूवरील एक नवी शस्त्रक्रिया करवून घेतली. तीत रक्तस्राव झाला आणि त्यांची वाचा गेली. पुढील तेरा वर्षे, १९६९ मध्ये निधन होईपर्यंत, ते त्याच रुग्णालयात होते.

या काळात एक मोठी घटना घडली होती. मेयो क्लिनिकमधील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल यांनी वेगळे काढलेले कॉर्टिसोन हे द्रव्य त्यांचे सहकारी डॉ. फिलिप हेंच यांनी २१ सप्टेंबर १९४८ रोजी संधिवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीस टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली आणि आठवड्याभरात बाजारात जाऊन आली. १९५० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक केंडॉल, हेंच आणि स्वित्झर्लंडचे ताडेउश राइखश्टाइन यांना विभागून मिळाले. दमा, संधिवात, त्वचारोग, मूत्रपिंडाचे काही विकार, सर्वांवर हे औषध व त्याच्या जातीची स्टेरॉइड औषधे चालू लागली. पण थोड्याच अवधीत गोल चेहऱ्याचे, बाकलेल्या पाठीचे रुग्ण दवाखान्यांत दिसू लागले. कुशिंग यांनी दुर्मिळ म्हणून नोंदविलेला रोग आता औषधाच्या बाटलीतून येत होता.

तो कसा येतो, हे पुढे अधिक स्पष्ट झाले. अमेरिकेतील आर्कान्सॉ विद्यापीठाच्या रॉबर्ट वाइनस्टाइन, स्टाव्ह्रोस मॅनोलागस आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, प्रेडनिसोलोनमुळे हाड रचणाऱ्या पेशी कमी घडतात आणि घडलेल्या अकाली मरतात. कुडाला काटक्या नाहीत, कारण विणणारा कारागीरच नाहीसा होतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील संशोधकांना हाड रचणाऱ्या पेशींतच एक वितंचक आढळले. ते निष्क्रिय कॉर्टिसोनचे क्रियाशील कॉर्टिसॉल बनविते आणि वयाबरोबर त्याचा जोर वाढतो. वृद्धांची हाडे या औषधापुढे अधिक हळवी का, याचा काही उलगडा त्यातून होतो. २००० मध्ये ब्रिटनमधील सुमारे २ लाख ४४ हजार रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. दररोज २.५ ते ७.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी मात्रा घेणाऱ्यांत मणक्याचे अस्थिभंग सुमारे अडीचपट, तर त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्यांत सुमारे पाचपट आढळले. धोका औषध सुरू झाल्यापासून पहिल्या तीन महिन्यांतच वाढू लागतो आणि औषध थांबविल्यावर उतरू लागतो.

येथे एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. निरोगी शरीर दिवसाकाठी साधारणतः १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार करते. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी सुमारे २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या तोडीची असते, आणि डेक्सामेथासोनची तर पाऊण मिलिग्रॅमची मात्राही तेवढेच काम करते. म्हणजे गुडघेदुखीसाठी कोणी पुडीतून दिलेली ती चिमुकली गोळी शरीराच्या सबंध दिवसाच्या उत्पन्नाइतकी असू शकते. या औषधांचा औषध नियम, १९४५ मधील अनुसूची ‘एच’ मध्ये समावेश आहे व ती नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. तरीही नाव नसलेल्या पुड्या, दोन दिवसांत दुखणे पळविणाऱ्या गोळ्या, अंग भरविण्याचे औषध या रूपांत ती खेडोपाडी पोहोचतात. दुखणे खरोखरच थांबते, त्यामुळे देणाऱ्यावर विश्वास बसतो. मणका खचतो तो पुष्कळ नंतर, आणि त्याचा दोष म्हातारपणाच्या माथी मारला जातो.

तथापि या औषधांविषयी नुसती भीती पसरविणे हेही घातकच ठरेल. योग्य रोगात, योग्य मात्रेत ती प्राण वाचवितात. २०२० मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे प्राणवायूची गरज असलेल्या कोविड रुग्णांतील मृत्यू कमी झाल्याचे दिसले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा फायदा आढळला नाही. दुसरे असे की, बाहेरून कॉर्टिसॉल मिळत राहिले तर अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम थांबविते. अनेक आठवडे चाललेली गोळी एकाएकी बंद केली तर ग्रंथी जागी होण्यापूर्वीच ओकाऱ्या, चक्कर, रक्तदाब घसरणे असे प्राणसंकट ओढवू शकते. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने उतरवावी लागते, आणि शस्त्रक्रिया वा अपघाताच्या वेळी रुग्ण असे औषध घेत होता, हे डॉक्टरांना सांगणे अगत्याचे असते.

दीर्घकाळ हे औषध घ्यावे लागणाऱ्याने आहारात नाचणी, दूध, तीळ ठेवावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने ‘ड’ जीवनसत्त्व घ्यावे, चालणेफिरणे सोडू नये. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र ऑलब्राइट यांनी दाखविलेली गोष्ट येथेही लागू पडते : केवळ चुना पुरवून कुड विणला जात नाही. धोका अधिक असेल तेव्हा हाडांची झीज रोखणारी वेगळी औषधे द्यावी लागतात व त्यासाठी तपासणी आवश्यक असते.

मणक्याचा अस्थिभंग पुष्कळदा वेदनेवाचूनच होतो. तो ओळखण्याची एक साधी सोय प्रत्येक उपकेंद्रात आणि शाळेत उपलब्ध आहे, ती म्हणजे भिंतीवरील उंचीची पट्टी. स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्तीची उंची दर सहा महिन्यांनी अनवाणी उभे करून मोजावी आणि केसपेपरवर तारखेसह लिहावी. ती दोन सेंटिमीटर किंवा अधिक घटलेली दिसल्यास त्या रुग्णास पाठीच्या क्ष-किरण चित्रासाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवावे.