पक्ष निवडताना आपल्याला काय माहीत असतं?

सुरुवातीलाच तुम्हाला एक छोटी परीक्षा देतो. आपल्या खासदाराचं नाव सांगा. बहुतेकांना येईल. पक्ष? तोही येईल. आता पुढचा प्रश्न : त्या पक्षानं गेल्या वर्षभरात संसदेत कोणत्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि कोणत्या विधेयकाला विरोध केला? एखादंच नाव आठवेल, तेही टीव्हीवर भांडण झालं म्हणून. पक्षाला पैसे कोणी दिले? तुमच्या मतदारसंघात उमेदवार कोणी ठरवला आणि कसा? इथे सगळेच गप्प होतात. मीही त्यातलाच एक.

असं झालं की लगेच कोणीतरी म्हणतं, 'आपला मतदारच अडाणी.' मला हे पटत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून चिन्हं आली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. त्या लोकांनी मतदान व्यवस्थित पार पाडलं. अँथनी डाऊन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९५७ साली या प्रश्नाचा हिशेब मांडला होता. एका मतानं निकाल बदलण्याची शक्यता इतकी कमी असते, की माहिती गोळा करण्यात माणसानं आठवडे घालवणं त्याला परवडत नाही. तो पक्षाचं नाव, चिन्ह, जवळच्या माणसाचं मत अशा खुणांवर भागवतो. यात अडाणीपणा नाही, व्यवहार आहे.

फक्त खूण खरी असली पाहिजे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात विजयी उमेदवाराची आघाडी ३२,७७१ मतांची होती. त्याच मतपत्रिकेवर एका अपक्षाला पिपाणीसारखं दिसणारं चिन्ह मिळालं होतं आणि यादीत त्याचं मराठी नाव होतं 'तुतारी'. पराभूत पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. त्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. ती सगळीच चुकून पडली असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण ज्याला आपला पक्ष पक्का माहीत आहे त्याचीही इतक्या साध्या ठिकाणी गल्लत होऊ शकते, हे लक्षात घ्या.

आता मुद्द्याकडे येतो. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की उमेदवाराची माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क आहे. तेव्हापासून प्रत्येक उमेदवार शपथपत्र देतो. त्यात गुन्ह्यांची प्रकरणं, स्वतःची आणि जोडीदाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण असं सगळं असतं. आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येतं. फार मोठं काम झालं ते.

पण १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली होती, तीच आपण पक्षांतरबंदी म्हणून ओळखतो. गंमत म्हणजे आपल्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेख आला तोच मुळी या दुरुस्तीनं. पक्षानं व्हिप काढला की आमदार-खासदारानं त्याप्रमाणेच मत द्यायचं, नाहीतर सदस्यत्व धोक्यात. म्हणजे तुम्ही निवडून दिलेला माणूस डॉक्टर असो, वकील असो की दहावी नापास असो, सभागृहात हात कधी वर करायचा हे पक्ष ठरवणार. शपथपत्र माणसाचं आणि निर्णय पक्षाचा. लग्न ठरवताना मुलाची पत्रिका, पगार, शिक्षण सगळं तपासलं आणि घराण्याची चौकशीच केली नाही, तसं हे आहे.

बरं, चौकशी करायला निघालात तर काय सापडतं?

पहिली गोष्ट सभागृहातल्या मताची. आपल्याकडे बहुतेक कायदे आवाजी मतदानानं मंजूर होतात. 'हो' म्हणणारे ओरडतात, 'नाही' म्हणणारे ओरडतात आणि पीठासीन अधिकारी निकाल सांगतात. कोणी काय म्हटलं याची नावनिशीवार नोंद राहत नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत दोन कृषी विधेयकं अशीच मंजूर झाली. विरोधकांनी मतविभाजन मागितलं होतं. मागणारे आपापल्या जागेवर नव्हते, असं कारण देऊन उपसभापतींनी ते घेतलं नाही. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागे घेण्याचं विधेयक आलं, तेही आवाजी मतदानानं, चर्चेविना. एवढा मोठा वाद, आणि कायदे करताना आणि मोडताना कोणत्या खासदाराचं मत कुठे पडलं हे पाहायला कागदच नाही! याउलट २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्तीवर ४५४ विरुद्ध २ अशी नोंद झाली, कारण घटनादुरुस्तीला मोजणी करावीच लागते. म्हणजे मोजता येतं. यंत्रं सभागृहात बसवलेली आहेत.

दुसरी गोष्ट पैशाची. निवडणूक रोखे २०१८ साली सुरू झाले. कोणत्या कंपनीनं कोणत्या पक्षाला किती दिले हे मतदाराला कळू नये अशीच त्यांची रचना होती. पक्षांना मिळणाऱ्या पैशाचा स्रोत जाणण्याचा सर्वसाधारण हक्क नागरिकाला नाही, असं महान्यायवादींनी न्यायालयात लेखी मांडलं होतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी ती योजना रद्द केली. मार्चमध्ये याद्या आल्या, एप्रिलमध्ये मतदान. सहा वर्षांचा हिशेब वाचायला मतदाराला जेमतेम महिना मिळाला. आणि आजही २० हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षानं सांगावं लागत नाही.

या बाबतीत पक्षांचं एकमत कसं होतं पाहा. ३ जून २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगानं सहा राष्ट्रीय पक्षांना माहितीचा अधिकार लागू होतो असा निर्णय दिला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे सहा पक्ष. एकानंही तो मानला नाही.

उमेदवारी कशी ठरते, याबद्दल बोलण्यासारखं फारसं नाही. बंद दाराआड ठरते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठेही गेलात तरी मराठी घरात बातम्यांची वाहिनी मुंबईची. शिवसेना २०२२ साली कशी फुटली, राष्ट्रवादी २०२३ साली कशी फुटली, चिन्ह कोणाकडे गेलं, हे तिथल्या मराठी माणसाला तोंडपाठ असतं. मत मात्र त्याला मध्य प्रदेशात, गुजरातेत, कर्नाटकात किंवा तेलंगणात द्यायचं असतं. जिथे मत नाही तिथली माहिती भरपूर, आणि जिथे मत आहे तिथल्या विधानसभेचं अधिवेशन कधी सुरू झालं आणि कधी संपलं, हेही कळत नाही. वाहिनी बंद करा असं मी म्हणत नाही. त्या राज्याचं एखादं वर्तमानपत्रही घरात येऊ द्या, एवढंच.

आणि पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की रस्ता आणि पाणी विचाराच. ते विचारायलाच हवं. सोबत एक प्रश्न जोडा : 'अमुक विधेयकावर तुमचा पक्ष मतविभाजन मागणार का?' बरोबरचे कार्यकर्ते एकमेकांकडे बघतील. बघू देत. हाच प्रश्न दहा दारांत विचारला गेला, तर अकराव्या दारी येण्याआधी कोणीतरी पक्ष कार्यालयात फोन करून उत्तर विचारून घेईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.