मधला दुभाषी

(उपकारस्तुतीच्या सभेत वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



आपण दिलेल्या जुन्या संगणकांवर विंडोज ७ होते. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे २०२० सालीच थांबले. नवे विंडोज त्या यंत्रांना झेपेना, म्हणून आम्ही फुकट मिळणारे लिनक्स बसवले. मुलांचा अभ्यास सुरू झाला.

पण एक काळजी उरली. आमच्या दिवंगत मास्तरांनी नवापूर तालुक्यातल्या पाड्यांवर फिरून मावची गीते जमवली होती. ती त्यांनी विंडोजच्या एका जुन्या मराठी प्रोग्राममध्ये टाइप केली होती. छापील प्रत नव्हती, आणि लिनक्सवर तो प्रोग्राम उघडेना. गीते कायमची गेली, असेच वाटले.

मग मंडळीतल्या एका तरुणाने ‘वाइन’ बसवले. नाव ऐकून दचकू नका, हा काना गावच्या लग्नातला द्राक्षारस नव्हे! वाइन हा दुभाषी आहे. आपल्या दवाखान्यात आजी मावचीत बोलते आणि आपली मुलगी ते डॉक्टरांना मराठीत सांगते ना, तसेच. ‘फाइल उघड’, ‘हे अक्षर दाखव’ अशी प्रोग्रामची विंडोजला केलेली मागणी वाइन लिनक्सला त्याच्या भाषेत सांगते. संगणकात विंडोज असावेच लागत नाही. हे काम १९९३ साली सुरू झाले आणि पहिली पक्की आवृत्ती २००८ साली आली. पंधरा वर्षांची ती चिकाटी! आणि तेही सर्वांना फुकट.

मास्तरांची सीडी घातली, प्रोग्राम बसवला, आणि पहिले गीत पडद्यावर आले. मास्तरांच्या पत्नी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ते गाऊनच दाखवले.

सगळेच जमले असे नाही. हिशेबाचा प्रोग्राम यूएसबीची किल्ली लावल्याशिवाय चालत नाही, आणि ती किल्ली वाइनला ओळखता आली नाही. त्यासाठी एक जुना संगणक तसाच ठेवला आहे. त्याला इंटरनेट जोडत नाही.

दुभाष्यावर कायम विसंबून राहणेही बरे नाही. म्हणून मोठ्या मुली ती गीते आता युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करीत आहेत, म्हणजे ती कुठल्याही फोनवर वाचता येतील. मावची नीट जाणणाऱ्यांनी सुट्टीत येऊन तपासून द्यावीत, एवढीच विनंती.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.