सीमा, आश्रय आणि कलावंत



देवस्थानाच्या उत्सवात कलेच्या आश्रयाविषयी बोलावयाचे म्हणजे पूर्वजांच्या दातृत्वाचा गौरव करावयाचा, अशी एक रूढी पडून गेली आहे. गौरवास जागा आहेच. परंतु गोमंतकाच्या संगीताचा इतिहास थोडा निरखून पाहिला, तर एक गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहत नाही. ह्या भूमीने ज्या गायक-वादकांना जन्म दिला, त्यांतील बहुतेक थोर मंडळींची विद्या सीमेपलीकडे पुरी झाली, नावलौकिक सीमेपलीकडे झाला आणि चरितार्थाची सोयही सीमेपलीकडेच झाली. देवळाने त्यांच्या कानांवर पहिला सूर घातला; पुढचे सारे दुसऱ्याच कोणी केले. हे दुसरे कोण, त्यांनी नेमके काय केले, आणि आज ते काम कोणी करावयाचे, एवढाच ह्या व्याख्यानाचा विषय आहे.

केसरबाई केरकरांचे उदाहरण घ्यावे. १८९२ साली फोंडे महालातील केरी येथे त्यांचा जन्म झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्या कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकावयास गेल्या. ते शिक्षण काही महिनेच चालले. गोव्यास परतल्यावर रामकृष्णबुवा वझे लामगावी येत, तेव्हा त्यांच्याकडे शिकणे झाले. सोळाव्या वर्षी मुंबई. तेथे बरकतुल्ला खाँ सतारियांची तालीम, आणि अखेर १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्यत्व. हे शिष्यत्व खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत टिकले. पोर्तुगीज अमलाखालील एका खेड्यातील मुलगी आणि ब्रिटिश अमलातील व संस्थानांतील गुरू, अशी ही सारी वाटचाल आहे. पणजीच्या सरकारला तिची दखल घ्यावी असे कधी वाटले नाही. त्या सरकारची संगीतविषयक आस्था पाश्चात्त्य संगीतापुरती होती.

येथे एक प्रश्न विचारावयास हवा. राजपुतान्यात जन्मलेले अल्लादिया खाँ ह्या बाजूस आलेच कसे? कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी त्यांना दरबारात ठेवून घेतले, म्हणून आले. गवयाला वर्षानुवर्षे नियमाने पगार मिळाला, तो एका गावी स्थिर झाला, आणि मग त्याच्या भोवती शिष्य जमले. १९२२ साली छत्रपतींचे निधन झाल्यावर खाँसाहेबांनी कोल्हापूर सोडून मुंबई गाठली. गोमंतकाने ज्या गायकीचा अभिमान बाळगावा, ती कोल्हापूरच्या खजिन्यातून पोसली गेली आहे, हे आपल्या स्मरणिकांतून क्वचितच वाचावयास मिळते.

बडोद्याचा प्रकार याहूनही विचार करण्यासारखा आहे. तेथे दरबारच्या कारखान्यांत कलावंतांचाही एक कारखाना होता. गवई, वादक, नर्तकी यांची नावे तेथील पगारपत्रकावर असत. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १८८६ साली, मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविण्यात आली आणि घराण्याच्या उंबरठ्याआड असलेली विद्या शाळेच्या बाकावर येऊन बसली. महाराजांच्या पहिल्या राणी तंजावरच्या. त्यांच्याबरोबर तेथील नर्तकी आणि नट्टुवनार बडोद्यास आले. तमिळ देशातील नृत्य अशा रीतीने गुजरातेत मराठी राजाच्या पदरी राहिले, आणि त्याच परंपरेतील कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या विद्यापीठात शिकवू लागले. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ ह्यांना ‘आफताब-ए-मौसिकी’ ही पदवी म्हैसूरने दिली, पण त्यांना सांभाळले बडोद्याने. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ १९१० साली अमेरिकेस गेले आणि पश्चिमेकडे आपले संगीत व सूफी विचार घेऊन फिरले. सीमा ओलांडणे हे आज परराष्ट्र खात्याचे काम मानले जाते. बडोद्यात ते पगारपत्रकाच्या आधाराने सहज घडत होते.

तरीही दरबारी आश्रयाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांना बडोदे सोडावे लागले, ते एका विवाहामुळे. राजाची मर्जी हीच तेथील घटना होती. हीच मंडळी पुढे मिरजेच्या परिसरात स्थिरावली, म्हणून हिराबाई बडोदेकरांच्या नावात बडोदे असले तरी जन्म मिरजेचा आहे! एका दरबाराचे दार बंद झाले, आणि महाराष्ट्राला किराणा घराणे लाभले. हे दैव झाले. त्याला धोरण म्हणता येत नाही.

आता आपल्या देवळांकडे वळावे. देवस्थानाने कलेला आश्रय दिला हे निर्विवाद आहे. पालखीचे कीर्तन, जत्रेतील नाटक, सभामंडपातील गायन-वादन यांची वर्षाची आखणी ठरलेली असे, आणि ती शतकानुशतके पाळली गेली. पर्वतीच्या पायथ्याच्या परिसरातून खाप्रूमाम पर्वतकरांसारखा लयीचा अद्भुत जाणकार निर्माण झाला, तो याच वातावरणात. परंतु हा आश्रय सेवेच्या बंधनाने बांधलेला होता. कलावंत घराण्यांतील स्त्रीने देवळापुढे गावे, हा तिचा मान सांगितला जाई. तिने गावे की न गावे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र तिच्याकडे नव्हता. ज्या स्त्रिया मुंबई-पुण्यास गेल्या, त्या केवळ विद्येसाठी गेल्या नाहीत; स्वतःच्या नावाने, तिकीट लावून, ताठ मानेने गाता यावे म्हणूनही गेल्या. त्यांच्या समाजाने स्वतःच्या बळावर शिक्षण घेतले, संस्था उभारल्या, आणि जुने जोखड झुगारून दिले. ह्या गोष्टीचा उल्लेख टाळून देवस्थानाच्या कलाश्रयाचा गौरव करणे बरे नव्हे.

शेजारच्या ख्रिस्ती समाजाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. चर्चला जोडलेल्या शाळेत मुलाला स्वरलेखन वाचावयास शिकवीत. त्यासाठी मूल कोणत्या घरातले, हे पाहिले जात नसे असे म्हणणे धाडसाचे होईल. पण कुटुंबाचा पेशा संगीत असलाच पाहिजे अशी अट नव्हती. त्या शिदोरीवर माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि त्यांच्यासारखे कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात शिरले. आणि मुंबईत उतरावयाचे कोठे? धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. बोटीवर चाकरीसाठी जाणारा खलाशी, नोकरी शोधणारा आचारी, व्हायोलिन काखेत घेतलेला पोरगा, सारे अल्प भाड्यात तेथे टेकत. कोणत्याही सरकारने हे धोरण आखले नव्हते. गावकऱ्यांनी आपल्या माणसांसाठी परक्या शहरात छप्पर उभे केले, इतकेच. आपल्या देवस्थानांनी देवळाभोवती सुबक अग्रशाळा बांधल्या. मुंबईत गाणे शिकावयास गेलेल्या मुलासाठी मात्र तशी खोली क्वचितच कोणी बांधली.

आश्रयावाचून काय होते, याचे उदाहरण मंगेशीनेच दिले आहे. तेथे १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांनी १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बलवंत संगीत मंडळी काढली. अशा तेजाचा गायकनट मराठी रंगभूमीला विरळा. बोलपट आले, नाटकमंडळ्या कर्जात बुडाल्या, आणि १९४२ साली पुण्यात दीनानाथ गेले, तेव्हा चार लहान भावंडांचा भार थोरल्या मुलीवर पडला. ती मुलगी लता मंगेशकर होती, म्हणून ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्या घरी लता नव्हती, त्या नटांच्या कथा कोणी लिहून ठेवल्या नाहीत.

मोगूबाई कुर्डीकरांचीही कथा अशीच बोलकी आहे. १९०४ साली कुर्डी येथे जन्म, बालपणी नाटकमंडळ्यांतून भ्रमंती, आणि सांगलीस असताना अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचा रियाज ऐकून शिकविण्यास केलेला प्रारंभ. खाँसाहेब मुंबईस गेले, तशा मोगूबाईही गेल्या. तेथे धनिक शिष्यवर्गाच्या दबावामुळे तालीम खंडित झाली. मग इतर उस्तादांकडे शिकणे झाले, आणि १९३४ मध्ये पुन्हा अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला गेला. दरबार मागे पडून आश्रय बाजाराच्या हाती गेला म्हणजे गुरूचा वेळही विकत घेतला जातो, याहून दुसरे प्रमाण नको. त्यांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि विखुरलेले ग्रामस्थ तेथे जमतात.

राजकीय सीमा किती कठोर होऊ शकते, हे गोमंतकीयांना १९५५ साली कळले. सत्याग्रहानंतर भारत सरकारने निर्बंध घातले, रेल्वेची वाहतूक थांबली, आणि मुंबईकर महाजनाला आपल्याच कुलदेवतेच्या दर्शनास जाणे हा परवान्याचा प्रश्न झाला. त्या दिवसांत ध्वनिलहरींना तेवढी मुभा होती. मंगेशीच्या कीर्तनकारांच्या घरातील जितेंद्र अभिषेकी तेव्हा मुंबई आकाशवाणीच्या कोंकणी विभागात होते. सरकारी नोकरीने त्यांना शिकण्यास उसंत दिली, हे आकाशवाणीचे श्रेय आहे. पुढे त्यांनी शिष्यांना घरी ठेवून शिकविले. ते गुरुकुल लोणावळ्यास होते, मंगेशीस नव्हे.

फाळणीची सीमा याहून भयंकर. कसूरचे बडे गुलाम अली खाँ १९४७ नंतर पाकिस्तानात राहिले; तेथे मन रमले नाही. मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांनी लक्ष घातले, त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले आणि मुंबईत राहावयास जागाही मिळाली. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६८ साली हैदराबादेस ते गेले. उलट बाजूस अब्दुल करीम खाँच्या शिष्या रोशनआरा बेगम १९४८ साली मुंबई सोडून पंजाबातील लालामुसा ह्या छोट्या गावी गेल्या. तिकडेही मानसन्मान मिळाले. पण मुंबईत शिकलेल्या किराण्याच्या गाण्याला जाणता श्रोता तेथे किती असणार? एका राज्यकर्त्याच्या निर्णयाने एका गवयाचे उत्तरायुष्य सावरले. असा निर्णय एकाच्या वाट्यास आला, हजारांच्या आला नाही.

स्वातंत्र्यानंतर आश्रयाचे काम शासनाने अंगावर घेतले. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० मध्ये, संगीत नाटक अकादमी १९५३ मध्ये, आणि आपली कला अकादमी १९७० मध्ये स्थापन झाली. परिषद निवडक कलावंतांना परदेशी पाठविते, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. युनेस्कोने १९८० साली कलावंताच्या दर्जाविषयी शिफारसी केल्या. त्यांत कलावंत हा कामकरी आहे, त्यालाही सामाजिक सुरक्षितता हवी, असे मान्य केले. २००५ च्या सांस्कृतिक विविधतेविषयीच्या करारात विकसनशील देशांतील कलावंतांना प्रवासात व प्रवेशात झुकते माप द्यावे, असे कलम आहे; भारताने त्यास २००६ साली मान्यता दिली. व्हिसाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या तबलजीला ते कलम फारसे दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

ह्या व्यवस्थेत एक उणीव आहे. तयार झालेल्या कलावंताला सीमेपलीकडे मिरवावयास शासन पैसा देते. अपुऱ्या विद्यार्थ्याला गुरूपाशी दीर्घकाळ बसविण्यास देताना हात आखडतो. केंद्र शासनाची तरुण कलावंतांसाठी असलेली शिष्यवृत्ती महिना पाच हजार रुपये आणि मुदत दोन वर्षे, अशा स्वरूपाची आहे. केसरबाईंची अल्लादिया खाँसाहेबांकडील तालीम पंचवीस वर्षे चालली! दोन वर्षांत यमनाची ओळख होते. १९७७ साली केसरबाईंच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका व्हॉयेजर यानातून अंतराळात धाडली गेली; त्यामागे मुद्रिकेच्या खर्चाखेरीज ही पंचवीस वर्षे आणि ती पोसणारा पैसा होता, हे हिशेबात धरले पाहिजे.

शासनाने काय करावे हे सांगणे सोपे, देवस्थानाचे काय? प्रत्येक जत्रेस मोठ्या नावाचा गायक एका रात्रीसाठी बोलावला जातो, मांडव सजतो, बिदागी भारी असते. ह्यातील एका रात्रीचा खर्च वाचवून एका विद्यार्थ्याला पाच वर्षे महिन्याचे मानधन द्यावे, असे सुचविले की आक्षेप येतो. हा पैसा देवाचा आहे, आणि विद्यार्थी महाजनांच्या घरचा नसेल तर तो कशासाठी द्यावयाचा? १९३३ च्या माझानी नियमावलीने महाजनांची नोंद वंशपरंपरेने होते, आणि तीत सेवेकऱ्यांचे घर येत नाही. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हा सभामंडप सुरांनी भरला, त्यांचे मूल देवस्थानाच्या हिशेबात परके ठरते. पत्रादेवीचा नाका १९६१ साली उठला. सभामंडपातील ही रेषा अजून उठावयाची आहे. मानधन द्यावयाचे तर विद्यार्थी कोणत्या घरचा, हा रकाना अर्जात नसावा.

दुसरी सूचना अग्रशाळेची. जत्रा आटोपली की पुढच्या जत्रेपर्यंत तिच्या बऱ्याचशा खोल्या रिकाम्या असतात. पावसाळ्यात मैफली कमी, आणि गवयी-वादक मोकळे असतात. लामगावी वझेबुवा येत, राहत आणि शिकवीत, तशी एखाद्या गुरूची चार महिन्यांची राहण्या-जेवणाची सोय प्रत्येक देवस्थानाला करता येईल. मग तो गुरू धारवाडचा असो, कोलकात्याचा असो की परदेशी स्थायिक झालेला गोमंतकीय असो. त्यासाठी दोन खोल्या, एक स्वयंपाकी आणि वाजते तानपुरे लागतील. ठराव साध्या वार्षिक सभेतही मांडता येतो.