ब्लॅकपूलची पाणगिरणी

वेल्सच्या नैऋत्येला पेम्ब्रोकशायरमध्ये, पूर्व क्लेदाय नदीच्या काठी, भरतीचे पाणी जिथवर चढते तेथे ब्लॅकपूलची पाणगिरणी उभी आहे. 1813 मध्ये स्लेबेच जहागिरीचे मालक नॅथॅनिएल फिलिप्स यांनी ती बांधवली, आणि जमैकातील गुलामांच्या श्रमांवर चालणारे उसाचे मळे हे त्यांच्या संपत्तीचे मूळ होते, हे तिच्या देखण्या दर्शनी भागाचे कौतुक करताना विसरून चालणार नाही. पीठ दळण्यासाठी बांधलेल्या या अनेक मजली दगडी इमारतीला खिडक्यांच्या समान ओळींमुळे एखाद्या हवेलीचा डौल आला असला, तरी तिच्या उंचीमागे व्यवहार आहे: अशा गिरण्यांत धान्य वरच्या मजल्यावर चढवले की पुढचा प्रवास ते स्वतःच्या वजनानेच करते, वरच्या कोठीतून जात्यात आणि जात्यातून, पीठ होऊन, खालच्या पोत्यात.

जात्याची खालची तळी स्थिर असते, वरची दातेरी चाकांच्या साखळीने फिरते, आणि दोन्हींवरच्या खाचा झिजल्या की वरची तळी उचलून टाकी लावावी लागते. या चाकांना गती देणारे मूळ पाणचक्र मात्र ब्लॅकपूलला उरलेले नाही. 1901 मध्ये त्याच्या जागी टर्बाइन, म्हणजे बंदिस्त पात्यांवर पाण्याचा दाब घेऊन फिरणारे लोखंडी यंत्र, बसवण्यात आले, जे दिसायला रुक्ष, पण कमी जागेत अधिक काम देणारे होते.